मामलेदार कचेरी, पलसाणा

मागच्या दिवाळीनंतर चार दिवस सुरतेजवळच्या कडोदऱ्याला जाऊन आलो. माझा मावसभाऊ तिथे कापड रंगवणाऱ्या एका मिलमध्ये नोकरीला आहे. परत आल्यावर ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारले, "सुरतेला काय बघितलेस?" आता काय सांगणार? सुरत म्हटली की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे १६६४ साली महाराजांनी केलेली लूट आणि दुसरी म्हणजे तिकडचे जेवण. मी बघितली ती एक मामलेदार कचेरी. सरकारी कारकून सुट्टीवर गेला तरी पाय कुठे वळणार!

झाले असे की भावाला मुलाच्या शाळेसाठी एक दाखला हवा होता. कडोदऱ्याचा तालुका पलसाणा, म्हणून त्याच्या मागे स्कूटरवर बसून पलसाण्याला गेलो. गुजराती अक्षरे म्हणजे शिरोरेघ काढून टाकलेली आपलीच अक्षरे, जुळवत जुळवत वाचता येतात. पाटीवर 'मामलतदार कचेरी' वाचले आणि एकदम घरी आल्यासारखे वाटले. महाराष्ट्रात गेलात तर तिथे तहसीलदार भेटतो. 'मामलेदार' हा शब्द आज रोजच्या सरकारी कामात टिकून आहे तो आमच्या गोव्यात आणि गुजरातेत. तलाठीही दोन्हीकडे. सातबारा मात्र त्यांच्याकडे आहे आणि आपल्याकडे त्याच्या जागी एक-चौदाचा उतारा. शेतजमिनीवर बांधकाम करायला तिकडे 'बिनखेती' करून घ्यावी लागते, आपण 'सनद' काढतो. बाकावर बसलेल्या माणसांच्या हातातली प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यातल्या झेरॉक्स प्रतींची जाडी मात्र दोन्हीकडे तीच.

भाऊ आत असताना मी बाहेर बसून विचार करत होतो. राज्यांचे इतिहास लिहिले जातात, शहरांचेही लिहिले जातात. तालुक्याचा इतिहास कोण लिहितो? माणसाचे सरकारशी जे काही खरेखुरे देणेघेणे असते ते तर तालुक्याशी असते. दिल्ली त्याला टीव्हीवर दिसते, मामलेदार समोर दिसतो. म्हणून या पलसाणा तालुक्याबद्दल चार गोष्टी आधी सांगतो. शेवटी मला यायचे आहे आपल्या गोव्याकडेच.

तापी आणि पूर्णा या दोन नद्यांच्या मधला हा सपाट, काळ्या मातीचा मुलूख. मधून मिंढोळा नावाची लहान नदी समुद्राकडे जाते. पूर्वी इथे कापूस आणि ज्वारी. १९५० च्या दशकात तापीवर काकरापारचा बंधारा झाला, पुढे १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले, आणि कालव्याचे पाणी आल्यावर ऊस आला. चलथाण आणि बारडोलीचे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. मुंबई-अहमदाबाद महामार्ग (पूर्वीचा ८ नंबर, आताचा ४८) आणि सुरत-बारडोली रस्ता जिथे एकमेकांना कापतात ती कडोदरा चोकडी. सुरत शहरात जागा पुरेना तेव्हा कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मिली उधना, पांडेसरा, सचीन करत या चोकडीपर्यंत आल्या. आज उसाच्या फडाला लागून मिलची चिमणी आणि चिमणीला लागून तीन-चार मजली खोल्यांची रांग असे तिथले दृश्य आहे.

या खोल्यांत ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार आणि आपल्या खानदेशातले लोक राहतात. भाऊ म्हणाला, "दादा, हांगा पयलीं गांव विचारतात, उपरांत नांव." चहाच्या गाड्यावर उभे राहिलो तर शेजारी दोघे अहिराणीत बोलत होते. अमळनेरकडचे होते. खानदेश आणि सुरत यांना जोडणारी तापी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, धुळ्याकडची सडक बारडोलीवरून इकडे येते. उसाच्या हंगामात धुळे-नंदुरबारकडून कोयते घेऊन टोळ्या येतात त्या याच वाटेने. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी बारडोली भागातल्या या ऊसतोड मजुरांचे जिणे अनेक वर्षे बघून जगापुढे मांडले.

गंमत अशी की गुजरातेत गायकवाडही याच वाटेने उतरले. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ साली सोनगडचा किल्ला घेतला आणि तिथून गायकवाडी पसरली. बडोदे नंतरचे, आधी सोनगड. पलसाणा तालुका बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होता. कामरेज, महुवा, व्यारा, गणदेवी हेही गायकवाडी. आणि त्यांच्या मध्ये मध्ये चोर्यासी, बारडोली, चिखली हे इंग्रजांचे तालुके. पलीकडे सचीनचे नवाब, ते मूळ जंजिऱ्याच्या सिद्दीच्या घराण्यातले. अजून दक्षिणेला गेले की दमण, म्हणजे पोर्तुगीज. गोधडीला ठिगळे लावावीत तसा सगळा नकाशा.

या ठिगळांचा माणसाच्या आयुष्याशी काय संबंध, असे वाटेल. सांगतो.

महाराज सयाजीराव (तिसरे) यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू केले. इंग्रजी मुलखात तसे काही करावे म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली विधेयक आणले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. म्हणजे पलसाण्याच्या हद्दीतल्या पोराला शाळेत घालणे बापावर बंधनकारक, आणि बांधापलीकडे बारडोलीच्या हद्दीतल्या पोराला कोणी विचारणारा नाही. पाऊस तोच, कापूस तोच, बोली तीच.

दुसरी गोष्ट बारडोलीचीच. १९२८ साली मुंबई सरकारने तिथला शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला म्हणून वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. पुढे चौकशी समितीने ती वाढ ६.०३ टक्क्यांवर आणली. हे आपण शाळेत शिकतो. शाळेत सांगत नाहीत ते १९३० चे. कायदेभंगात सारा भरायचा नाही असे ठरल्यावर जप्त्या आणि लाठ्या सुरू झाल्या, तेव्हा बारडोलीचे शेतकरी बायकापोरे, गुरेढोरे घेऊन गायकवाडी हद्दीत जाऊन राहिले. त्याला 'हिजरत' म्हणतात. काही पावलांवर हद्द होती आणि ती ओलांडली की इंग्रजांच्या मामलेदाराचा हात पोचत नव्हता. कागदावरची एक रेघ कोणाला शाळा देते, कोणाला आसरा देते, आणि कोणाला काहीच देत नाही.

गायकवाडी कारभाराबद्दल अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे प्रांताचा मुख्य तो सुभा, तालुक्याचा मुख्य तो वहिवाटदार. वहिवाट चालू ठेवतो तो वहिवाटदार, किती नेमका शब्द! १९३१ साली बडोद्याने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' नावाचा कोश काढला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी अशा भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी दिलेले आहेत. लोकांना कळेल अशा भाषेत सरकारी कागद लिहावा याची काळजी एका राजाला होती. आम्ही आजही 'विषयांकित प्रकरणी उपरोक्त संदर्भान्वये' लिहीत बसतो.

१ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, वहिवाटदार गेला, मामलेदार आला. १९६० ला गुजरात राज्य झाले. मूळ सुरत जिल्ह्यातून १९६४ साली वलसाड निघाला, त्या वलसाडातून १९९७ ला नवसारी, आणि २००७ साली सुरतेतून तापी हा नवा जिल्हा निघाला. सोनगड, व्यारा तिकडे गेले. पलसाणा सुरतेतच राहिला. रेघा हलत राहिल्या. पण ज्या गतीने माणसे हलली त्या गतीने नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे.

२००१ च्या जनगणनेत कडोदऱ्याची नोंद 'जनगणना नगर' अशी झाली. हा शब्द जरा समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या गावची लोकसंख्या ५ हजारांच्या वर गेली, कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर काम करू लागले, आणि दर चौरस किलोमीटरला ४०० माणसे झाली, की जनगणना खाते त्याला नगर म्हणते. पण हे म्हणणे जनगणना खात्यापुरते. कारभाराच्या लेखी ते गावच. म्हणजे मिली आल्या, हजारो भाडेकरू आले, आणि सांडपाणी, कचरा, दिवाबत्ती बघायला ग्रामपंचायत, तिचा सरपंच आणि तलाटी-कम-मंत्री. कडोदऱ्याला नगरपालिका मिळाली ती त्यानंतर. तालुक्याच्या गावापेक्षा कितीतरी मोठे झालेले हे ठिकाण तोवर गावाच्या चोपडीत बसवलेले होते.

याची किंमत कोणी मोजली ते २०२० साली दिसले. २५ मार्चला देश बंद झाला. मिली बंद, पगार बंद, खाणावळी बंद. १ मेपासून श्रमिक गाड्या सुटू लागल्या, पण कोणाचा नंबर कधी याचा पत्ता नाही. ४ मे रोजी कडोदऱ्याला लागून असलेल्या वरेली गावात शेकडो मजूर गावी पाठवा म्हणून रस्त्यावर आले. दगडफेक झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. टीव्हीवर ते आपण सगळ्यांनी बघितले आणि चॅनेल बदलला. मीही बदलला, खोटे कशाला सांगू.

कचेरीच्या बाकावर बसून मला ते आठवले आणि आता ते कारकुनाच्या डोळ्यांनी दिसले. त्या दिवशी तिथल्या एखाद्या कारकुनाला वरून फोन आला असेल, 'तुमच्या हद्दीत परप्रांतीय किती आहेत ते तासाभरात कळवा.' त्याने काय कळवले असेल? मतदार यादीत ते नाहीत. रेशन कार्ड गावी. घरपट्टी घरमालकाच्या नावावर, तीही आहे तेवढ्या मजल्यांची असेलच असे नाही. मिलच्या हजेरीपटावर ठेकेदाराची माणसे असतातच असे नाही. जो माणूस कुठल्याच चोपडीत नाही त्याला धान्य कोणत्या हिशेबाने पोचवायचे आणि गाडीत कोणत्या यादीने बसवायचे? कोणी दुष्ट होते म्हणून हे झाले असे मला वाटत नाही. मोजलेलेच नव्हते. न मोजलेल्या माणसाची व्यवस्था कोणालाच करता येत नाही, मग अधिकारी कितीही सज्जन असो.

यात सुधारणा झालीच नाही असेही नाही. एका राज्याचे रेशन कार्ड दुसऱ्या राज्यात चालावे ही योजना ९ ऑगस्ट २०१९ ला सुरू झाली ती दोन जोड्यांनी : आंध्र-तेलंगण आणि महाराष्ट्र-गुजरात. अमळनेरचा माणूस आपले धान्य कडोदऱ्यात घेऊ शकतो, हे लहान काम नव्हे. पण २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढची २०२७ ची जाहीर झाली. या सोळा वर्षांत चोकडीवर किती लोक आले आणि गेले!

इथे जरा लांबची गोष्ट सांगतो. थायलंडात एक सुरत आहे. तिथला राजा वजिरावुध याने १९१५ साली आपल्या दक्षिणेकडच्या एका शहराला आपल्या सुरतेवरून 'सुरात थानी' असे नाव दिले, आणि तिथल्या नदीला नाव दिले तापी! त्या सुरातचे रेल्वे स्टेशन शहरात नसून नदीपलीकडच्या फुनफिन नावाच्या ग्रामीण तालुक्यात आहे. तालुक्याला तिकडे 'आम्फो' म्हणतात आणि त्याचा प्रमुख गृहखात्याने नेमलेला असतो, म्हणजे आपला मामलेदारच म्हणा. खाली 'तांबोन', त्याच्या खाली गाव. आपल्यासारखीच उतरंड. पण एक गोष्ट त्यांनी आपल्या आधी ओळखली होती. १९०५ साली बँकॉकजवळच्या था चालोम या मासळी बाजाराच्या गावात त्यांनी 'सुखाफिबान' नावाची संस्था काढली. शब्दातला 'सुख' आपलाच. गाव राहिलेले नाही आणि शहर झालेले नाही अशा ठिकाणी गटार, रस्ते, दिवे बघणारी ही मधली पायरी. पुढे अशा अनेक संस्था झाल्या आणि १९९९ साली त्या सगळ्यांना नगरपालिकेचा दर्जा दिला. त्या फार लोकशाहीच्या होत्या असे नाही, सरकारी अधिकाऱ्यांचाच वरचष्मा होता. पण 'मधले ठिकाण' असते हे कायद्याने मान्य केले होते.

आपल्या राज्यघटनेनेही ते मान्य केले आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीत ग्रामीणाकडून नागरीकडे जाणाऱ्या भागासाठी 'नगर पंचायत' सांगितली आहे. महाराष्ट्रात तशा नगर पंचायती आहेत. गोव्यात एकही नाही.

आता येतो घरी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात ७० नगरे आहेत. त्यांतली कायद्याने नगरे किती? १४. तेरा नगरपालिका आणि एक पणजी महापालिका. उरलेली ५६ ही कडोदऱ्यासारखी जनगणना नगरे. कळंगुट, कांदोळी, ताळगाव, सुकूर... या सगळ्यांचा कारभार ग्रामपंचायत चालवते. राज्याची ६२ टक्क्यांहून जास्त वस्ती शहरी आहे आणि पंचायती १९१. आम्ही गावात राहतो असे आम्ही म्हणतो, कचऱ्याचे ढीग मात्र शहराचे आहेत.

कोणी म्हणेल, मग करा सगळ्यांना नगरपालिका. मी तसे म्हणत नाही. गावकऱ्यांची भीती मला कळते. २०१८ साली ग्रेटर पणजी पीडीएच्या विरोधात सांताक्रुझ, सांत आंद्रेकडची गावे उठली ती उगाच नाही. 'शहर' हा शिक्का बसला की पाठोपाठ एफएआर वाढतो, सनदा निघतात, डोंगर कापले जातात, आणि मूळ गावकरी आपल्याच वाड्यावर पाहुणा होतो, हे त्यांनी शेजारी बघितले आहे. म्हणून ग्रामसभा हातची जाऊ नये असे त्यांना वाटते, आणि ते बरोबर आहे. नगरपालिकेला ग्रामसभा नसते.

पण गाव म्हणवून घेतल्याने शहर यायचे थांबले का? कडोदऱ्यात थांबले नाही, कळंगुटातही नाही. ते आले, फक्त नोंदीशिवाय आले. आणि नोंदीशिवाय येणारे शहर सर्वांत जास्त त्रास देते ते दोघांना : ज्याच्या विहिरीत शेजारच्या खोल्यांचे सांडपाणी येते त्या मूळ गावकऱ्याला, आणि त्या खोलीत सहा जणांत झोपणाऱ्या भाडेकरूला. आपण त्या दोघांना एकमेकांशी भांडायला लावतो. मधल्या घरमालकाला आणि बिल्डरला कोणी काही विचारत नाही.

मला तीन साध्या गोष्टी व्हाव्याशा वाटतात. एक, प्रत्येक पंचायतीत भाडेकरूंची नोंदवही असावी. आपल्याकडे भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनवर द्यायची असते. म्हणजे तो संशयित म्हणून मोजला जातो, रहिवासी म्हणून नाही. पाणी किती लागेल, शाळेत वर्ग किती लागतील हे पोलिसांच्या फाईलवरून कळत नाही. दोन, जनगणनेत नगर ठरलेल्या पंचायतींना अभियंता, सांडपाणी आणि कचरा यांसाठी वेगळा कर्मचारीवर्ग द्यावा, आणि तो देताना ग्रामसभेचा जमिनीवरचा अधिकार काढून घेऊ नये. मधली पायरी मागताना तिचा अर्थ आपण ठरवला पाहिजे, नाहीतर तो दुसरे कोणीतरी ठरवतील. तीन, रेघा ओढताना लोकांना विचारावे. २०११ साली फोंडा आणि सांगे तालुक्यांतले भाग काढून धारबांदोडा हा बारावा तालुका केला, त्याने आतल्या गावांचे हेलपाटे कमी झाले. रेघ चांगली ओढली तर बसचे भाडे वाचते आणि अर्धी रजा वाचते. गरिबाला हेच 'प्रशासन' दिसते.

यातले तिसरे माझ्या हातात नाही, दुसरेही नाही. पहिले थोडेसे आहे. कचेरीत समोर एखादा मजूर उभा राहतो, कागद अर्धवट असतात, बोलणे आपल्याला नीट कळत नाही. तेव्हा 'हे इथले नाहीत' असे म्हणून कागद परत सारणे फार सोपे असते. मी ते केलेले आहे. पलसाण्याच्या बाकावर मी स्वतःच 'इथला नाही' होतो. भावाला गुजराती येते पण लिहिता येत नाही. खिडकीतल्या बाईंनी अर्ज आपल्याकडे ओढून घेतला, एक रकाना चुकला होता तो खोडून स्वतः नीट लिहिला आणि भावाला फक्त एवढेच विचारले, "गाम कयुं?"

भावाने सांगितले, "गोवा." त्या हसल्या आणि शिक्का मारला.